असेम्ब्लीत बाहेरची फाइल जोडायची कशी? इन्क्लूडपासून लिंकरपर्यंत

पुणे विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरची लॅब केलेल्या कुणाचाही फोल्डर उघडून बघा. लिनक्स, नॅझम हा असेम्बलर (असेम्ब्लीचा मजकूर मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम), ६४ बिटांची रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा). चार-पाच प्रॅक्टिकल झाली की प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला त्याच ओळी दिसतात: स्क्रीनवर लिहिणारा मॅक्रो (नाव दिलेला ओळींचा गठ्ठा; नाव लिहिलं की तिथे त्या ओळी येतात), कीबोर्डवरून वाचणारा मॅक्रो, आणि तळाशी रजिस्टरमधली संख्या हेक्समध्ये (सोळाच्या पायात) दाखवणारं प्रोसीजर, म्हणजे कॉल करून वापरायचा कोडचा तुकडा. सगळं आधीच्या प्रोग्रॅममधून उचललेलं. मॅक्रोत एखादी चूक सापडलीच तर ती सगळ्या फायलींत शिरून दुरुस्त करायची असते. अर्थात ती कुणी करत नाही.

हे सामान एकदाच लिहून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एका ओळीत ओढून घ्यायचं, याची ही कृती. उदाहरणं नॅझमची आहेत. खालचा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. टाइप करताना प्रत्येक शब्द, आकडा आणि रजिस्टरचं नाव नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहायचं. फाइलची आणि मॅक्रोची नावं तुमच्या आवडीची घ्या.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच निघतात. इन्क्लूड म्हणजे पेस्ट. असेम्बलरला ती ओळ दिसली की तो दुसरी फाइल उघडतो, तिचा मजकूर जसाच्या तसा त्या ओळीच्या जागी ठेवतो आणि पुढे वाचत जातो. जावा किंवा पायथनमधून आलेल्यांना वाटतं की काहीतरी ‘इम्पोर्ट’ झालं, त्या फाइलची नावं वेगळ्या कप्प्यात राहतील. असा कप्पा नसतो. तुम्ही हाताने जे कॉपी-पेस्ट करत होता तेच, फक्त मशीनने केलेलं.

पहिली पायरी: मॅक्रोंची फाइल

मॅक्रो.आयएनसी नावाची फाइल करा. एक्स्टेन्शनशी नॅझमला काही देणंघेणं नाही, पण इन्क्लूड करायच्या फाइलला आयएनसी आणि स्वतंत्रपणे असेम्बल होणाऱ्या फाइलला एएसएम, ही वहिवाट पाळलेली बरी.

; मॅक्रो.आयएनसी
%मॅक्रो लिही २
    मूव्ह आरएएक्स, १
    मूव्ह आरडीआय, १
    मूव्ह आरएसआय, %१
    मूव्ह आरडीएक्स, %२
    सिसकॉल
%एंडमॅक्रो

%मॅक्रो संपव ०
    मूव्ह आरएएक्स, ६०
    मूव्ह आरडीआय, ०
    सिसकॉल
%एंडमॅक्रो

सिसकॉल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला काम सांगणं. ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘राइट’चा सिसकॉल क्रमांक १ आणि ‘एक्झिट’चा ६०. पहिल्या मॅक्रोत आरडीआयमध्ये जाणारा १ म्हणजे स्टँडर्ड आउटपुट.

आता मुख्य प्रोग्रॅम:

; मेन.एएसएम
%इन्क्लूड "मॅक्रो.आयएनसी"

सेक्शन .डेटा
    निरोप डीबी "नमस्कार", १०
    लांबी इक्यू $-निरोप

सेक्शन .टेक्स्ट
ग्लोबल _स्टार्ट
_स्टार्ट:
    लिही निरोप, लांबी
    संपव

आणि टर्मिनलवर (एलडी हा लिंकर, म्हणजे असेम्बल झालेल्या ओ फायली जोडून चालणारा प्रोग्रॅम बनवणारा):

नॅझम -एफ एल्फ६४ मेन.एएसएम -ओ मेन.ओ
एलडी मेन.ओ -ओ मेन
./मेन

असेम्बल करताना मॅक्रो.आयएनसीचं नाव कुठेही दिलेलं नाही, हे बघा. ती फाइल नॅझम स्वतःच उघडतो. नवखे बऱ्याचदा दोन्ही फायली कमांडवर देतात आणि नॅझम एका वेळी एकच सोर्स फाइल घेतो म्हणून अडतात.

इन्क्लूडची ओळ सगळ्यात वर का? कारण मॅक्रो हा प्रीप्रोसेसरचा (असेम्बल होण्याआधी मजकूर उलगडणाऱ्या भागाचा) विषय आहे आणि प्रीप्रोसेसर वरून खाली एकदाच वाचत जातो. लेबल (कोडमधल्या जागेला दिलेलं नाव) मात्र खाली कुठेही असलं तरी चालतं. त्याचा पत्ता काढायला असेम्बलर परत फेरी मारतो. म्हणून मॅक्रो आणि स्थिरांकांची फाइल वर, प्रोसीजरांची फाइल तळाशी, ही मांडणी डोळे झाकून ठेवायला हरकत नाही.

मॅक्रोची फाइल चुकून खाली गेली तर काय होतं, हे मुद्दाम करून बघण्यासारखं आहे. ‘लिही निरोप, लांबी’ या ओळीवर नॅझम ‘इन्स्ट्रक्शन एक्स्पेक्टेड’ अशी एरर देतो. ‘लिही’ हे त्याला लेबल वाटतं आणि त्यापुढचा ‘निरोप’ ही काही इन्स्ट्रक्शन नव्हे. इथपर्यंत ठीक. पण ‘संपव’ला एकही आर्ग्युमेंट नाही. ओळीवर एकटाच शब्द दिसला की नॅझम त्याला बिनकोलनचं लेबल समजून पुढे जातो आणि फक्त वॉर्निंग देतो. समजा ‘लिही’च्या जागी तुम्ही हाताने सिसकॉल लिहिलेला आहे: प्रोग्रॅम असेम्बल होतो, लिंक होतो, निरोपही छापतो आणि मग सेग्मेंटेशन फॉल्ट देऊन कोसळतो, कारण एक्झिट तिथे नाहीच. लेबल एकटं असल्याची वॉर्निंग दिसली तर आधी मॅक्रोची फाइल कुठे जोडली आहे ते बघा. वॉर्निंग वाचायची नसते असा लॅबमध्ये एक समज आहे. असेम्ब्लीत तो परवडत नाही.

दुसरी पायरी: फाइल सापडत नाही

‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’ ही एरर प्रत्येकाला एकदा तरी भेटते. फाइल तर समोर फोल्डरमध्ये दिसत असते.

नॅझम इन्क्लूडची फाइल शोधतो ती तुम्ही कमांड जिथून दिली त्या डिरेक्टरीत. मुख्य सोर्स फाइल जिथे आहे तिथे नव्हे. तुम्ही होम डिरेक्टरीत उभे राहून ‘नॅझम लॅब/मेन.एएसएम’ म्हणालात तर मॅक्रो.आयएनसीचा शोध होममध्ये होणार, लॅबमध्ये नाही. सोपा उपाय म्हणजे आधी सीडी करून त्या फोल्डरमध्ये जाणं. नीट उपाय म्हणजे शोधायची जागा सांगणं:

नॅझम -एफ एल्फ६४ -आय लॅब/ लॅब/मेन.एएसएम -ओ मेन.ओ

शेवटचा तिरका दांडा विसरू नका. २.१४ च्या आधीच्या नॅझममध्ये डिरेक्टरीचं नाव आणि फाइलचं नाव नुसतं एकाला एक जोडलं जायचं. दांडा नसेल तर ‘लॅबमॅक्रो.आयएनसी’ नावाची फाइल शोधली जायची. नव्या आवृत्त्या दांडा आपणहून लावतात, पण कॉलेजच्या मशीनवर कोणती आवृत्ती असेल याचा नेम नाही. दांडा दिलेला कुठेच नडत नाही.

दुसरं कारण अक्षरांचं. घरी विंडोजवर फाइल केली, नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं, इन्क्लूडमध्ये ते स्मॉल लिहिलं. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फायली.

तिसरी पायरी: प्रोसीजरांची फाइल, आणि सेक्शनचा घोळ

आता हेक्स दाखवणारं प्रोसीजर बाहेर काढू. रूपांतराच्या ओळी तुमच्या वहीत आहेत त्याच. फक्त सांगाडा देतो.

; दाखव.आयएनसी
सेक्शन .बीएसएस
    अंकबफर रेसबी १६

सेक्शन .टेक्स्ट
दाखव:
    ; आरएएक्समधल्या संख्येचे १६ हेक्स अंक अंकबफरमध्ये भरायचे
    ; (तुमच्या नेहमीच्या ओळी इथे)
    लिही अंकबफर, १६
    रेट

मेन.एएसएमच्या अगदी तळाशी, ‘संपव’च्या खाली, %इन्क्लूड "दाखव.आयएनसी" अशी ओळ टाका आणि हवं तिथे ‘कॉल दाखव’ म्हणा. झालं.

तळाशी का, हे एकदा समजून घेतलं की परत विचारावं लागत नाही. पेस्टचा नियम आठवा. समजा ही ओळ ‘_स्टार्ट’मध्येच, दोन इन्स्ट्रक्शनच्या मधोमध टाकली. प्रोसेसरला फाइल बदलल्याचा पत्ताही नसतो; तो सरळ खाली येतो, कुणी कॉल न करताच ‘दाखव’मध्ये शिरतो आणि ‘रेट’पाशी (कॉल केलेल्या जागी परत नेणाऱ्या इन्स्ट्रक्शनपाशी) पोचतो. स्टॅकवर परतीचा पत्ता कुणी ठेवलेलाच नाही, जे वर असेल ते पत्ता समजून तिकडे उडी. पुढचं ठरलेलं आहे. हाच प्रकार ‘संपव’ विसरलात आणि इन्क्लूड तळाशी असेल तरी होतो: मुख्य प्रोग्रॅम संपला, वाट मोकळी, थेट खालच्या प्रोसीजरमध्ये.

सेक्शनचं दुखणं जास्त छुपं आहे. सेक्शन म्हणजे प्रोग्रॅमचा विभाग: ‘.टेक्स्ट’मध्ये कोड, ‘.डेटा’मध्ये किंमत दिलेला डेटा, ‘.बीएसएस’मध्ये नुसती राखलेली जागा. सेक्शनची आज्ञा फाइलपुरती नसते. पुढची आज्ञा येईपर्यंत ती लागू राहते, मग मधे फाइल संपो वा न संपो. तुमची इन्क्लूड फाइल ‘सेक्शन .डेटा’वर संपत असेल आणि तिच्यानंतर मेन.एएसएममध्ये थेट कोड असेल, तर तो कोड डेटा सेक्शनमध्ये जाऊन बसतो. आधुनिक लिनक्सवर तिथला कोड सहसा चालू दिला जात नाही, प्रोग्रॅम पहिल्याच पावलाला पडतो. ती फाइल ‘.बीएसएस’वर संपत असेल तर नॅझम निदान वॉर्निंग देतो की या सेक्शनमध्ये किंमत भरायचा प्रयत्न दुर्लक्षित केला. म्हणजे तुमच्या इन्स्ट्रक्शन चक्क टाकून दिल्या! यावर एकच सवय पुरते: इन्क्लूडच्या ओळीनंतर जे काही लिहाल, त्याआधी सेक्शन पुन्हा स्पष्ट सांगा. एक ओळ जास्त गेली तर जाऊ दे.

लोकल लेबलांनाही हीच झळ बसते. नॅझममध्ये टिंबाने सुरू होणारं लेबल, उदाहरणार्थ ‘.पुढे’, हे त्याच्या वरच्या शेवटच्या बिनटिंबाच्या लेबलाच्या मालकीचं असतं. ‘_स्टार्ट’खाली ‘.पुढे’ आहे, मग मधे एक इन्क्लूड, आणि त्यानंतर ‘जेएनझेड .पुढे’. इन्क्लूड केलेल्या फाइलमध्ये ‘दाखव’ नावाचं लेबल असेल तर आता मालक बदलला, नॅझम ‘दाखव.पुढे’ शोधू लागतो. ते नसेल तर लेबल सापडत नाही अशी एरर. असेल तर त्याहून वाईट, कारण मग एररही येत नाही.

आरसीएक्सबद्दल थोडं विषयांतर

मॅक्रो वेगळ्या फाइलमध्ये गेला की तो नजरेआड होतो, आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते विसरायला होतं. ६४ बिटांची सिसकॉल इन्स्ट्रक्शन परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये आणि फ्लॅग आर११मध्ये ठेवते. म्हणजे या दोन्ही रजिस्टरांतली आधीची किंमत गेली. अ‍ॅरेतल्या पाच संख्या दाखवायला आरसीएक्समध्ये ५ भरून लूप लावला आणि आत ‘लिही’ वापरलं, तर पहिल्या फेरीनंतर आरसीएक्समध्ये कोडचा कुठलातरी पत्ता असतो आणि लूप थांबायचं नाव घेत नाही. त्यात ‘लिही’ आरएएक्स, आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स हे चारही बदलतंच.

म्हणून इन्क्लूड फाइलमधल्या प्रत्येक मॅक्रोवर आणि प्रोसीजरवर एक कॉमेंट हवीच: काय घेतो, कुठे घेतो, कोणती रजिस्टरं बिघडवतो. माझ्या मते ही कॉमेंट नसलेली फाइल इन्क्लूड करूच नये, मग ती सीनियरने दिलेली का असेना. लूपचा काउंटर आरबीएक्स किंवा आर१२मध्ये ठेवा, सिसकॉल त्यांना हात लावत नाही.

चौथी पायरी: एकच फाइल दोनदा

दाखव.आयएनसीला मॅक्रो.आयएनसी लागते, म्हणून तिने ती स्वतःच इन्क्लूड केली. मेन.एएसएमनेही केली. आता मजकूर दोनदा पेस्ट झाला. मॅक्रोंवर कुरकुर होईल. त्या फाइलमध्ये लेबलं असतील तर लेबल पुन्हा लिहिल्याची सरळ एरर. उपाय सगळीकडे एकच आहे, फाइलला पहारा बसवायचा:

%इफएनडेफ मॅक्रो_आयएनसी
%डिफाइन मॅक्रो_आयएनसी
    ; फाइलचा सगळा मजकूर
%एंडइफ

पहिल्यांदा ते नाव ठाऊक नसतं, म्हणून मजकूर आत येतो आणि नाव नोंदवलं जातं. दुसऱ्यांदा नाव सापडतं आणि ‘%एंडइफ’पर्यंत सगळं वगळलं जातं. नाव प्रत्येक फाइलला वेगळं ठेवा. एका फाइलवरून दुसरी करताना हे नाव बदलायचं राहिलं तर दुसरी फाइल शांतपणे रिकामी येते.

पाचवी पायरी: इन्क्लूड सोडून लिंकर

याच लॅबमधलं एक प्रॅक्टिकल अनेक बॅचेसनी केलंय: टेक्स्ट फाइल वाचून तिच्यातल्या मोकळ्या जागा, ओळी आणि एखादं अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं, वाचन एका प्रोग्रॅममध्ये, मोजणी दुसऱ्यात, आणि ‘पब्लिक’ व ‘एक्स्टर्न’ वापरणं सक्तीचं. इथे इन्क्लूड चालत नाही, दोन फायली वेगवेगळ्या असेम्बल करून शेवटी जोडायच्या असतात. ‘पब्लिक’ हा मॅझमचा (मायक्रोसॉफ्टच्या असेम्बलरचा) शब्द आहे, नॅझममध्ये त्याच कामाला ‘ग्लोबल’ म्हणतात. प्रॅक्टिकलच्या मजकुरातला शब्द तसाच टाइप करून एरर ओढवून घेऊ नका.

दुसऱ्या फाइलमध्ये:

ग्लोबल मोजणी
सेक्शन .टेक्स्ट
मोजणी:
    ; ...
    रेट

पहिल्या फाइलमध्ये:

एक्स्टर्न मोजणी
    ; ...
    कॉल मोजणी

आणि मग:

नॅझम -एफ एल्फ६४ एक.एएसएम -ओ एक.ओ
नॅझम -एफ एल्फ६४ दोन.एएसएम -ओ दोन.ओ
एलडी एक.ओ दोन.ओ -ओ प्रोग्रॅम

इथे दोन्ही फायलींना खरोखर आपापला कप्पा मिळतो. ‘ग्लोबल’ न केलेली लेबलं बाहेर दिसत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे ‘बफर’ असला तरी भांडण नाही.

एरर कोण देतोय ते बघितलं की चूक कुठे आहे ते कळतं. नॅझमच म्हणाला की हे नाव ठाऊक नाही, तर वापरणाऱ्या फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ राहिलं. नॅझम गप्प आणि एलडी म्हणाला ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, तर लिहिणाऱ्या फाइलमध्ये ‘ग्लोबल’ राहिलं, किंवा तिची ओ फाइल कमांडवर द्यायची राहिली. एलडी म्हणाला ‘मल्टिपल डेफिनिशन’, तर तीच फाइल तुम्ही इन्क्लूडही केलीत आणि लिंकही. दोन्ही वाटांनी आणायची नसते.

मॅक्रो मात्र लिंकरपर्यंत पोचतच नाहीत. असेम्बल होतानाच त्यांचा विस्तार होऊन ते संपलेले असतात. म्हणून ‘एक्स्टर्न लिही’ ला काही अर्थ नाही. मॅक्रोची फाइल एक आणि दोन, दोन्हीमध्ये इन्क्लूड करायची आणि प्रोसीजर लिंकरने जोडायची, अशी कामाची वाटणी करा. माझं मत विचाराल तर प्रोसीजर इन्क्लूड करणं छोट्या प्रॅक्टिकलपुरतंच ठीक. तीन-चार प्रोसीजर झाली की वेगळी ओ फाइल.

याला एक मोठा अपवाद: बूट सेक्टर (संगणक सुरू होताना डिस्कवरून वाचला जाणारा पहिला तुकडा) लिहिणारे. तिथे ‘-एफ बिन’ असा साधा बायनरी आउटपुट लागतो आणि त्या फॉरमॅटमध्ये ‘एक्स्टर्न’ला जागाच नाही, त्यामुळे इन्क्लूडवरच भागवावं लागतं. बायॉस पहिले ५१२ बाइट तेवढे मेमरीत आणतो आणि पहिल्या बाइटपासून चालवायला लागतो. तेव्हा प्रोसीजरांची फाइल वर जोडली तर प्रोसेसर आधी तीच चालवणार, आणि ५१० बाइटपर्यंत शून्यं भरणाऱ्या ‘टाइम्स’च्या ओळीखाली जोडली तर ती मेमरीत येणारच नाही. तिची जागा मुख्य कोडच्या अनंत लूपनंतर आणि ‘टाइम्स’च्या आधी. इन्क्लूड फाइल फुगली की ‘टाइम्स’ची किंमत ऋण झाल्याची एरर येते, याचा अर्थ एवढाच की ५१० बाइटांत मावत नाहीये.

काय पेस्ट झालं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर

‘नॅझम -ई मेन.एएसएम’ म्हणा (ई कॅपिटल). असेम्बल न करता, सगळ्या फायली आणि मॅक्रो उलगडलेला मजकूर स्क्रीनवर येतो. वरचे निम्मे घोळ हा मजकूर वाचूनच सापडतात. ‘-एल मेन.एलएसटी’ दिलं तर लिस्टिंग फाइल मिळते. तिच्यात बाहेरून आलेल्या ओळींपुढे कंसात पातळीचा आकडा असतो, शेजारी पत्ता आणि बाइट.

मेक (बदललेल्या फायलींवरून लागतील त्या फायली पुन्हा बनवणारं साधन) वापरत असाल तर मॅक्रो.आयएनसी बदलल्यावर मेन.ओ आपोआप नवी होत नाही, कारण मेकला त्या नात्याची कल्पना नसते. ‘नॅझम -एम मेन.एएसएम’ (एम कॅपिटल) ही अवलंबित्वाची ओळ तयार छापून देतो. ती मेकफाइलमध्ये टाका.

चित्र, फाँट किंवा आवाजाची फाइल आत घ्यायची असेल तर ‘%इन्क्लूड’ नव्हे, ‘इन्कबिन’. त्याच्यामागे टक्क्याचं चिन्ह नसतं, आणि तो फाइलचे बाइट न वाचता, न समजता जसेच्या तसे ठेवतो. वर आधी लेबल द्या, म्हणजे पत्ता मिळेल.

दुसऱ्या असेम्बलरवर गेलात तर शब्द थोडे बदलतात. ग्नूच्या असेम्बलरमध्ये टिंब लावून ‘.इन्क्लूड’ आणि ‘.इन्कबिन’, फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटल एस ठेवून जीसीसीतून चालवली तर सीसारखा ‘#इन्क्लूड’ही चालतो. मॅझममध्ये कुठलंही चिन्ह न लावता ‘इन्क्लूड’, आणि तिथला ‘इन्क्लूडलिब’ मजकूर पेस्ट करत नाही, लिंकरला लायब्ररीचं नाव सांगतो. फॅझम या असेम्बलरमध्येही नुसतं ‘इन्क्लूड’, फाइलचं नाव अवतरणात.